मोतीचूरला केशरी रंग किती घालायचा? आणि घालायचा का मुळात?

पुरणपोळी_मिरज | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोन वर्षं झाली घरून लाडू-फराळाच्या ऑर्डरी घेते, रजिस्ट्रेशन पण केलंय. आतापर्यंत बेसन, रवा, डिंक असलेच लाडू जायचे त्यामुळे रंगाचा प्रश्न आलाच नाही. आता येत्या रविवारी एका बारशाची ८ किलो मोतीचूरची ऑर्डर आहे. सॅम्पल म्हणून हळद आणि चार काड्या केशर घालून अर्धा किलो करून पाठवले, तर बाळाच्या आत्यानं व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी दुकानातल्या लाडवांचा फोटो पाठवला, ट्रॅफिक पोलिसाच्या जाकिटासारखे भडक, आणि खाली लिहिलं "असे हवेत, तुमचे चवीला छान आहेत पण आजारी दिसतात". आजारी!

म्हणून बाजारातून रंग आणला. किराणा दुकानात सुटा मिळाला, छोट्या प्लास्टिकच्या पुडीत, वर फक्त "केशरी, खाण्याचा" असं पेनानं लिहिलंय. कंपनी नाही, नंबर नाही, काहीच नाही. दुकानदाराला विचारलं किती घालायचा तर म्हणाला "चिमूटभर टाका वहिनी, सगळे नेतात". थोडी बुंदी पाडून बघितली, रंग झकास आला. तेवढ्यात माझ्या ४ वर्षांच्या मुलानं मूठभर उचलून खाल्ली. जीभ केशरी, ओठ केशरी, आणि माझ्या बोटांचा रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नाही. मग मी घाबरले.

सासूबाई म्हणतात आम्ही जन्मभर लाल-पिवळ्या जिलब्या खाल्ल्या, काय झालं? नवरा तीन दिवस कॅन्सरचे रील दाखवतोय. मला दोघांचंही पटत नाहीये. कोणाला खरंच माहिती असेल तर सांगा, हा रंग सेफ असतो का, असला तर किती घालायचा, आणि ही पुडी वापरू का टाकून देऊ?

---

सेंद्रिय_सुगरण | मंगळवार, रात्री ११:०५

टाकून दे गं बाई. बीटाचा रस घाल, गाजर घाल, निसर्गात सगळं आहे. केमिकल ते केमिकलच.

---

बुंदीचा_झारा | मंगळवार, रात्री ११:३२

ताई, बीटाचा रस घालून बुंदी तळून बघितलीये का कधी? मी बघितलीये. बीटाचा रंग उष्णतेत टिकत नाही, तेलातून मातकट तपकिरी बुंदी बाहेर येते आणि वर मातीसारखा वास. बीट आइसिंगला ठीक, थंड पदार्थाला ठीक. गाजरानं थोडा पिवळेपणा येतो पण पाणी सुटतं आणि पिठाचं गणित बिघडतं. सल्ला देताना आधी कढई तापवा एवढंच म्हणणं आहे.

---

परीक्षानळी | बुधवार, सकाळी ७:१५

मिरजकर ताई, मी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालोय. सकाळचा चहा झालाय, वेळ आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

पहिलं उत्तर: पुडी टाकून द्या. त्यातला रंग विषारी आहे असं मी म्हणत नाहीये. तो कुठला रंग आहे हे तुम्हाला, मला आणि त्या दुकानदाराला, तिघांनाही माहीत नाही, म्हणून टाका. आणि बोटाला दोन दिवस रंग राहिला यावरून काही ठरत नाही, चांगला परवानगीचा रंगसुद्धा कातडीला तसाच चिकटतो.

आता मुद्दा. "खाण्याचा रंग" अशी एकच वस्तू नसते. आपल्याकडे १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यापासून परवानगीच्या रंगांची यादी ठेवायची पद्धत आहे, म्हणजे यादीत नाही ते सगळं बंद. आता २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. कृत्रिम रंगांची आपली ओळखीची यादी आठांची: लाल रंगाचे पॉन्सो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळे टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळे इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्लू, हिरवा फास्ट ग्रीन. तुमच्या त्या भडक लाडवांचा केशरी म्हणजे बहुतेक वेळा सनसेट यलो, किंवा सनसेट आणि टार्ट्राझिनचं मिश्रण. पाकिटावर नाव नसलं तर नंबर असतो, सनसेट ११०, टार्ट्राझिन १०२.

दुसरी गोष्ट लोकांना अजिबात माहीत नसते. हे आठ रंग वाटेल त्यात घालायला परवानगी नाही. मिठाई, केक, बिस्किट, आइस्क्रीम, सरबत, जेली, कस्टर्ड पावडर, साबुदाण्याचे पापड, यात चालतात. हळद, तिखट, मसाले, डाळ, दूध, पनीर यात एक कणही चालत नाही. तंदुरी चिकनचा लालभडक रंग, बिर्याणीतला केशरी भात, गाड्यावरचं मंचुरियन, इथे रंग यादीतला असला तरी तो पदार्थच यादीत नाही. म्हणजे तुमचा मोतीचूर कायद्यात बसतो आणि शेजारच्या धाब्यावरचं तंदुरी बसत नाही, गंमत आहे पण खरी आहे.

तिसरं, प्रमाण. सर्वसाधारण मर्यादा तयार पदार्थात किलोला १०० मिलिग्रॅम, आम्ही १०० पीपीएम म्हणायचो. १०० मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. आता तुमच्या दुकानदाराची "चिमूट" घ्या. माझ्यासारख्या सडपातळ माणसाची चिमूट पाव ग्रॅम धरली तरी शुद्ध रंग असेल तर एका किलोला अडीच पट झाला. आचाऱ्याची चिमूट तर विचारूच नका, त्यांच्या दोन बोटांत चमचा मावतो. परवानगीचा रंग, परवानगीचा पदार्थ, आणि तरीही सॅम्पल फेल. आमच्या लॅबमध्ये मिठाई जास्त करून अशीच अडकायची, कोणाला विष घालायचं नसायचं, वजन करायचा कंटाळा असायचा.

आणि मग सुट्या पुडीतला खरा धोका, मेटॅनिल यलो. हा कापड-कागद-चामड्याचा रंग. दिसायला टार्ट्राझिनचा सख्खा भाऊ, स्वस्त, आणि उष्णतेत पक्का. लाडू, जिलेबी, तूरडाळ, हळद, सगळीकडे सापडलाय. उंदरांवरच्या प्रयोगात त्याचा मेंदूवर परिणाम दिसलाय. तो खाण्याच्या यादीत कधीच नव्हता. गुलाबी रंगात तसाच रोडामाइन बी.

आम्ही रंग कसा ओळखायचो ते सांगतो, मला अजूनही त्याची मजा वाटते. जिलेबी गरम पाण्यात विरघळवायची, थोडं ॲसिड घालायचं आणि त्यात मेंढीच्या पांढऱ्या लोकरीचा धागा टाकून उकळायचं. कृत्रिम आम्लधर्मी रंग लोकरीला घट्ट धरतात, बहुतेक नैसर्गिक रंग धुतल्यावर निघून जातात. मग अमोनियाच्या पाण्यात लोकरीवरून रंग परत सोडवून घ्यायचा आणि कागदावर ठिपका द्यायचा, शेजारी आठही रंगांचे ठिपके द्यायचे, आणि कागदाचं खालचं टोक द्रावणात बुडवून ठिपके वर चढू द्यायचे. ज्याच्या उंचीला पोचला तो रंग. म्हणजे शेवटी लाडवाचं स्वेटर विणून बघायचं. नव्या पोरांकडे आता मशिनं आहेत.

---

सेंद्रिय_सुगरण | बुधवार, सकाळी ८:०२

मग घरी टेस्ट करता येते का काका? व्हिडिओत दाखवतात ॲसिड टाकून गुलाबी झालं की भेसळ.

---

परीक्षानळी | बुधवार, सकाळी ८:४०

ती मेटॅनिल यलोची टेस्ट, हायड्रोक्लोरिक ॲसिडची. चूक नाही पण अर्धवट दाखवतात. ॲसिड टाकल्यावर अस्सल हळदसुद्धा लालसर होते, आणि मग लोक चांगल्या हळदीच्या नावानं शंख करतात. वरून पाणी ओतायचं, हळदीची लाली पाण्यात विरून जाते, मेटॅनिलची जांभळट गुलाबी तशीच राहते. हा फरक व्हिडिओवाले कापून टाकतात कारण तेवढा वेळ कोण बघणार. आणि ही टेस्ट मेटॅनिलच पकडते, दुसरा कुठलाही रंग असेल तर गप्प बसते, म्हणजे गुलाबी झालं नाही म्हणून माल चांगला असं होत नाही. बाथरूमचं ॲसिड आणून लहान मुलांच्या घरात हे उद्योग करू नका ही विनंती.

सुक्या वाटाण्याचं मात्र घरी बघता येतं. हिरवेगार वाटाणे अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी हिरवं झालं तर ते वाटाणे रंगवलेले.

---

पाकवाला_इचल | बुधवार, दुपारी २:१८

दुपारी दुकान जरा थंड असतं म्हणून लिहितोय. माझं मिठाईचं दुकान, वडिलांच्या वेळेपासून, इचलकरंजीत. काकांनी बरोबर लिहिलंय पण काउंटरच्या या बाजूनं पण ऐका जरा.

रंग आम्हाला खायला आवडतो म्हणून घालत नाही हो. मी एका दिवाळीत बिनरंगाचा मोतीचूर ठेवला होता, शेजारी रंगाचा ठेवला, दोन्ही एकाच घाण्याचे, भाव पण सेम. बिनरंगाचा ट्रे रात्री घरी नेऊन आम्हीच खाल्ला. गिऱ्हाईक विचारतं "हा कालचा आहे का?" फिकं म्हणजे शिळं असं डोक्यात बसलंय. आणि हेच गिऱ्हाईक घरी जाऊन रील बघतंय हलवाई विष घालतात म्हणून.

आणि आमच्या गावाची एक वेगळीच भानगड. इथे कापडाचे रंग गोण्यांनी येतात. माझे वडील सांगायचे पूर्वी एखादा आचारी सायझिंगमधल्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातल्या, ओळखीच्याकडून पुडी आणायचा, त्याला रंग म्हणजे रंग, कापडाला चालतो तर जिलेबीला का नाही. आता तेवढं अज्ञान राहिलं नाही पण सुटी पुडी अजून चालते, खोटं कशाला बोलू.

मी स्वतः एकदा अडकलोय. सणाच्या आधी साहेब आले, जिलेबी नेली, रिपोर्ट आला रंग जास्त. रंग यादीतलाच होता, पाकीट बंद होतं, बिल होतं, तरी पण जास्त तो जास्तच. कमी दर्जाच्या मालाला ५ लाखांपर्यंत दंड लागू शकतो हे त्या दिवशी कळलं, सुदैवानं तेवढा बसला नाही पण जेवढा बसला तेवढ्यात सीझनचा नफा गेला. तेव्हापासून चिमूट बंद.

ताई आता पद्धत लिहून घ्या. सोनार वापरतात तसला छोटा काटा आणा, घरचा किलोचा काटा चालणार नाही. १ ग्रॅम रंग मोजून १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. झालं, आता एक मिलीत १० मिलिग्रॅम रंग आहे. औषधाची सिरिंज घ्या, सुई काढलेली, आणि किलोला मोजून घाला. किलोला १० मिली म्हणजे कायद्याची कड. मी किलोला ४ मिलीच्या वर जात नाही, तुमच्या ८ किलोला ३२ मिली, आणि लाडू चांगला केशरी दिसतो, फक्त जाकिटासारखा नाही. आणि हे किलो तयार लाडवाचे धरायचे, नुसत्या बेसनाचे नाही. रंग पिठात घाला, पाकात घातला की वरून चिकटतो आणि खाणाऱ्याचे हात रंगतात.

---

परीक्षानळी | बुधवार, दुपारी ३:०५

वा, पाकवाले, माझ्या ज्युनियर लोकांना द्रावण करायला शिकवताना मला दोन दिवस लागायचे. एक भर घालतो. बाजारातलं पाकीट कधी जवळपास शुद्ध रंगाचं असतं, कधी मीठ किंवा साखरेसारखं काहीतरी मिसळून पातळ केलेलं, त्यावर रंगाचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं ते वाचून हिशोब करा. तुमचा हिशोब शुद्ध धरून आहे म्हणजे चुकला तरी कमीच्या बाजूला चुकेल, ते चांगलं. पाकिटावर रंगाचं नाव किंवा नंबर, १४ आकडी लायसन्स नंबर, बॅच आणि तारीख, एवढं नसेल तर हात लावू नका.

---

म्हापशेकार | बुधवार, संध्याकाळी ६:५०

आमच्या गोव्यात या रंगावरून केवढी धमाल झाली ती आठवली. २०२४ च्या सुरुवातीला बोडगेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत म्हापसा पालिकेनं गोबी मंचुरियनच बंद केलं! त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहातल्या फेरीत पण एफडीएनं, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनानं, मुरगाव पालिकेला सांगून गोबीचे स्टॉल आवरायला लावले होते. तेव्हा दिल्लीपासून सगळ्यांनी आमच्यावर मिम केले, कॉलीफ्लॉवरला गोव्यात बंदी म्हणून.

मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं, पदार्थावर बंदी म्हणजे घोड्याचा राग खोगिरावर. गोबीनं काय घोडं मारलं? रंग, सॉस, तेल बघा ना. फेब्रुवारीत तामिळनाडू आणि पुदुच्चेरीनं त्या मानानं नेमकं काम केलं, म्हातारीच्या केसांत, म्हणजे तो गुलाबी कापसासारखा मिळतो ना, रोडामाइन बी सापडलं म्हणून तो बंद केला. मार्चमध्ये कर्नाटकानं पण. त्यांनी गोबीचे १७१ नमुने घेतले त्यातले १०७ नापास. आणि यात मजा अशी की गोबीत सापडले ते रंग टार्ट्राझिन, सनसेट, कार्मोइसिन, म्हणजे काकांच्या यादीतलेच! रंग पास, पदार्थ नापास. तेव्हा मला हे कळलंच नव्हतं, आज काकांचं वाचून डोक्यात ट्यूब पेटली.

---

लेस्टरची_मावशी | बुधवार, रात्री ९:२२

इकडे इंग्लंडमधून लिहिते. माझी मुलं लहान असताना २००७ मध्ये साउदॅम्प्टन युनिव्हर्सिटीचा अभ्यास आला तेव्हा शाळेच्या गेटवर दुसरा विषय नव्हता. त्यांनी ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या जवळजवळ ३०० मुलांना सरबत दिलं, काही दिवस रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवायचं रसायन) घातलेलं, काही दिवस नुसतंच, दिसायला-चवीला सारखं, कोणाला काय मिळतंय ते आईबापांनाही माहीत नाही. रंगवाल्या दिवसांत मुलांची चळवळ सरासरीनं थोडी वाढलेली दिसली. थोडीच. आणि काही मुलांना काहीच झालं नाही. बेन्झोएट पण सोबत असल्यामुळे नेमकं कशामुळे ते सुटं करता आलं नाही.

पण परिणाम काय झाला बघा. जुलै २०१० पासून युरोपात त्या अभ्यासातल्या सहा रंगांपैकी एकही असेल तर पाकिटावर लिहावं लागतं की याचा मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो. त्या सहांत आपले सनसेट, टार्ट्राझिन, कार्मोइसिन आणि पॉन्सो चौघेही आहेत. कुठल्या कंपनीला असलं वाक्य पोरांच्या गोळ्यांवर छापायचंय? बहुतेकांनी गुपचूप रेसिपी बदलली, बंदी न घालता रंग गेले. मी अजूनही भारतीय दुकानातून आणलेली जेली आणि लाडवाची डबी उलटी करून ते वाक्य शोधते, कधीकधी मूळ लेबलवर नसतं आणि इकडच्या आयात करणाऱ्यानं वर चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतं.

---

रीलवाला_नवरा | बुधवार, रात्री १०:१०

मी वर उल्लेख झालेला नवरा 😄 बायकोनं लिंक पाठवली. मला एकच विचारायचंय, अमेरिकेनं तो लाल रंग कॅन्सर होतो म्हणून बंद केला ना? मग माझे रील खोटे कसे?

---

परीक्षानळी | गुरुवार, सकाळी ६:५५

या या जावईबापू. रील खोटं नाही, कापलेलं आहे. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये रेड नंबर ३ ची परवानगी काढली, कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत. हा रेड ३ म्हणजे आपलं एरिथ्रोसिन, यादीतला १२७, चेरी आणि टूटीफ्रूटीतला गुलाबी. नर उंदरांना भरमसाट डोस दिल्यावर थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या, आणि तो प्रकार उंदरांच्या हार्मोनच्या रचनेमुळे होतो, माणसात तसा होत नाही असं त्यांच्याच एफडीएचं म्हणणं आहे. पण त्यांच्याकडे १९६० पासून डिलेनी क्लॉज नावाचं कलम आहे, माणसाला किंवा प्राण्याला, कशानंही कॅन्सर दिसला तर तो रंग बंद, डोस किती ते विचारायचंच नाही. याच कारणानं लिपस्टिक-पावडरमधून तो १९९० मध्येच काढला होता आणि खाण्यात पुढे ३५ वर्षं राहिला! ओठाला लावायचा नाही पण गिळायचा. कायदे असे असतात.

आणि गंमत बघा, आपलं कार्मोइसिन आणि पॉन्सो अमेरिकेत चालत नाही. आपलं फास्ट ग्रीन अमेरिकेत चालतं, युरोपात नाही. एरिथ्रोसिन युरोपात फक्त कॉकटेलच्या आणि डब्यातल्या चेरीत. म्हणून "अमुक देशात बंदी आहे" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कुठल्या पदार्थात आणि कशावरून?

पण तुमच्या काळजीत तथ्य कुठे आहे ते पण सांगतो, आणि हे माझं अनेक वर्षांचं गाऱ्हाणं आहे. शास्त्रज्ञ प्रत्येक रंगाला एक आकडा देतात, रोज जन्मभर खाल्ला तरी चालेल इतका, माणसाच्या किलो वजनामागे. युरोपातले आकडे घ्या: टार्ट्राझिन साडेसात मिलिग्रॅम, सनसेट ४, पॉन्सो ०.७, एरिथ्रोसिन ०.१. तुमचा मुलगा ४ वर्षांचा, १६ किलो धरू. १०० पीपीएमच्या काठावर रंगवलेली मिठाई त्याला रोज किती चालेल? टार्ट्राझिनची १ किलो २०० ग्रॅम. सनसेटची ६४० ग्रॅम. पॉन्सोची ११२ ग्रॅम. एरिथ्रोसिनची १६ ग्रॅम. सोळा! म्हणजे चार-पाच गोळ्या. टार्ट्राझिन आणि एरिथ्रोसिनमध्ये ७५ पटींचा फरक आणि आपण मिठाईला दोघांनाही १०० चीच मापटी लावतो. एक दिवस जास्त खाल्ल्यानं काही होत नाही, हा आकडा रोजच्या खाण्याचा आहे आणि त्यात भरपूर सुरक्षित अंतर सोडलेलं असतं. पण पोरं गुलाबी गोळ्या रोज खातात हो.

थोडक्यात केशरीला घाबरताय तेवढं गुलाबीला घाबरा.

---

साडेसाती_अॅलर्जी | गुरुवार, सकाळी ९:४८

मध्येच घुसते. माझ्या मुलीला पिवळ्या सरबतानं अंगावर गांधी उठायच्या, आम्ही वर्षभर अंडं, शेंगदाणे, धूळ सगळं शोधत बसलो, शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी डायरी लिहायला लावली आणि पिवळा रंग धरला. टार्ट्राझिन थोड्या लोकांना सोसत नाही म्हणाले, फार लोकांना नाही, पण ज्याला नाही त्याला नाहीच. त्यामुळे पुरणपोळी ताई, रंग घाला नाहीतर नका घालू, पण डब्यावर कुठला ते लिहा. बारशाला शंभर माणसं येणार त्यात एखादी माझी मुलगी असते.

---

पाकवाला_इचल | गुरुवार, दुपारी २:३०

बरोबर. पॅक करून देताना परवानगीचा कृत्रिम रंग आहे असं लिहायचंच असतं, नियमच आहे, वर नंबर पण टाका.

---

बुंदीचा_झारा | गुरुवार, रात्री ८:१५

बिनकृत्रिम करायचंच असेल तर माझा प्रयोग सांगतो. शेंदरीच्या बिया मिळाल्या तर घ्या, लोणी-चीजला जो पिवळा केशरी रंग देतात तो शेंदरीचाच, पाकिटावर १६०बी. तुपात बिया मंद गरम करून गाळायच्या, तूप केशरी होतं, ते लाडू वळताना घालायचं. जास्त घातलं तर मातट चव येते, बेतानं. आणि तुम्ही तर हळदीच्या गावच्या शेजारी राहता! पिठात हळद आणि चिमूटभर सोडा, सोड्यानं हळद लालसर होते, जुन्या बायका हळदीचं कुंकू करायच्या ना तेच. पण सोडा जास्त झाला की बुंदी तेल पिते आणि साबणासारखी लागते, मी एकदा पूर्ण घाणा कुत्र्यालाही न घालता फेकलाय. चांगली हळद घ्या म्हणजे झालं, भडक सुटी पूड नको, तिच्यात लेड क्रोमेट निघालं तर शिसं पोटात जाईल, त्यापेक्षा सनसेट शंभर पट परवडलं.

---

सेंद्रिय_सुगरण | गुरुवार, रात्री ९:००

हे मला नवीन होतं. म्हणजे नैसर्गिक म्हणून घेतलेल्या हळदीतच शिसं? मी तर सुटीच आणते. उद्या आधी ती बघते.

---

परीक्षानळी | शुक्रवार, सकाळी ७:०५

ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा टाका आणि हलवू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर संशय घ्या. शिशाचं मात्र लॅबशिवाय नक्की कळत नाही.

आणि कोणाला खरंच संशय असेल तर रील बनवण्यापेक्षा कायद्यानं दिलेला हक्क वापरा. कलम ४० प्रमाणे साधा गिऱ्हाईकसुद्धा फी भरून माल तपासून घेऊ शकतो, फक्त घेताना दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला घेतोय. विश्लेषकानं १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. माझ्या तीस वर्षांत असा खाजगी नमुना घेऊन येणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजली. त्यातले एक आजोबा होते, दर दिवाळीला एकाच दुकानाची बर्फी आणायचे, दरवर्षी पास व्हायची आणि ते दरवर्षी नाराज होऊन जायचे.

---

पुरणपोळी_मिरज | सोमवार, सकाळी ११:२०

झालं बारसं! सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः काका आणि पाकवाले दादा.

काय केलं ते सांगते. पुडी फेकली. बंद पाकीट आणलं, सनसेट ११०, नंबर-बिंबर सगळं होतं, टक्केवारी शोधायला मात्र नवऱ्याच्या मोबाईलचा कॅमेरा झूम करावा लागला एवढं बारीक. काटा सोनाराकडून एका दिवसापुरता मागून आणला, तो म्हणाला वहिनी सोनं घेताय की विकताय. द्रावण केलं, सिरिंजनं मोजून ८ किलोला २४ मिलीच घातलं, म्हणजे ३० पीपीएम, सोबत चांगली हळद आणि केशर. आत्याबाईंना आधीच फोन करून सांगितलं की याहून भडक करणार नाही आणि का ते पण, मला वाटलं ऑर्डर जाणार. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या बाळाच्या मोठ्या भावाला पण द्यायचेत ना, मग असू दे. डब्यावर कागद चिकटवला, परवानगीचा कृत्रिम रंग ११०, आणि ते वाचून दोन बायकांनी विचारलं म्हणे की हिच्या लाडवात रंग आहे का, दुकानाच्या लाडवात नसतो. आता काय बोलणार!

पण ८ किलो संपले. आणि पुढच्या महिन्याची मुंजीची ऑर्डर आलीये, ५ किलो, त्यांना मात्र गुलाबी काजू रोल हवेत 🙈 काका, सोळा ग्रॅम आठवतंय मला.

---

परीक्षानळी | सोमवार, सकाळी ११:४१

काजू रोलला बीट चालेल, तळायचं नाहीये. सेंद्रिय सुगरण ताईंना विचारा, त्यांचा दिवस आला.

---

पाकवाला_इचल | सोमवार, दुपारी २:०९

उरलेल्या द्रावणाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि पोराच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. आमच्याकडे एकदा फ्रीजमध्ये ठेवलं होतं, वडिलांनी ऑरेंज सरबत समजून पाहुण्यांना विचारलं घेणार का म्हणून.